लेव्हल

अठरा वर्षं मी लिफ्ट दुरुस्त करतो.
भांडुप ते विक्रोळी, कुठल्याही सोसायटीत विचारा.
मजला आणि लिफ्टची फरशी यांत
अर्धा सेंटिमीटर फरक राहिला
तरी एखादी म्हातारी ठेचकाळतेच.

म्हणून सातव्या महिन्यात प्रणोती म्हणाली,
बाळ आपल्या मधे नको,
तुझा हात झोपेत ओंडक्यासारखा पडतो,
पण लांबही नको, टाके पडले तर उठू कशी मी,
तेव्हा मी आधी टेप काढला.

जमिनीपासून गादीच्या वरपर्यंत एकोणीस इंच.
पलंग ते कपाट अठ्ठावीस.
कपाटाचं एकच दार उघडेल यापुढे.
साड्या डावीकडे आहेत, म्हणाली, चालेल.

चौदाव्या मजल्यावरच्या कोठारीबाई म्हणाल्या,
आमचं घेऊन जा, पोरगं आता शाळेत जातं.
राखाडी, जाळीच्या भिंती, देखणं होतं.
सर्व्हिस लिफ्टने उतरता उतरता दिसलं:
दोनपैकी एका पट्ट्याजागी
पायजम्याची नाडी.
आणि पाय वाकडे, पलंगाखाली सरकवायचे.
आमचा पलंग पेटीचा.
खाली जागाच नाही, जे काय ते आत:
लग्नातली भांडी, जळलेला मिक्सर, दोन रजया.
परत वर गेलो. बाई फुरंगटल्या.
नाडीवर लिफ्ट चालवत नाही हो मी, म्हटलं.

मग दादरहून नवं आणलं, सरळ पायांचं.
एकोणीस इंचांवर बरोबर भोक होतं.
दुकानदार म्हणाला, सोबत उशी, लोड, अस्वल फ्री.
अस्वल त्याच्याच काउंटरवर बसवून आलो.
गादीत मूठ दाबली, रुतली नाही.
इतकी कडक? प्रणोतीचा चेहरा उतरला.
तिने स्वतःचा गाल टेकवून पाहिला,
बराच वेळ.

मुलगी झाली. मनगटावर पट्टी: बेबी ऑफ प्रणोती.
बारसं व्हायचंय, तोवर नुसतं 'अगं'.

उरणहून आत्या आली, मोहरीची उशी घेऊन.
डोकं गोल होतं, तुझंही मीच केलं.
(माझं डोकं मागून सपाट आहे. बोललो नाही.)
उशी कपाटात ठेवली,
जे दार उघडत नाही त्यामागे.
आत्या दोन दिवस घुम्यासारखी.
तिसऱ्या दिवशी मोकळ्या गादीवर
उताणी झोपलेली पोर बघून म्हणाली,
काय रे, एवढ्या मोठ्या ताटात एकच पुरी.
आणि हसली. मग चहा मागितला.

अकराव्या रात्री सव्वातीनला जाग आली.
हात सवयीने मधल्या रेषेवर गेला.
फट.
पट्टे घट्टच होते. आमचीच गादी सरकलेली.
प्रणोती उठताना कोपरावर भार देते,
रोज थोडी, रोज थोडी.
एक बोट घातलं. गेलं.
दुसरंही गेलं.
दार उघडून शाफ्टमध्ये वाकलं
की खाली सतरा मजल्यांचा काळोख दिसतो ना,
तोच होता तिथे, दोन बोटं रुंद.
पोरीला उचलून प्रणोतीच्या हातात दिलं,
ती काय झालं म्हणत राहिली,
मी गादी ओढत राहिलो.
सकाळी कामावर उशिरा गेलो.
पलंगाच्या पलीकडच्या कडेला सागाची पट्टी ठोकली,
आता गादी तसूभर हलत नाही.

मशीनरूममध्ये असतं तसं कार्ड
कपाटाच्या दारावर चिकटवलंय.
वरती लिहिलंय: हातांवर उठायला लागेपर्यंतच.
खाली रोजचे रकाने: पट्टे, फट, गादी, रिकामी ना.
शेवटी सही.
एकोणतीस तारखेला मी डबल ड्यूटी करून आलो
आणि बुटांसकट आडवा झालो.
सकाळी पाहिलं, रकाने भरलेले,
सहीच्या जागी तिचं तिरकं अक्षर:
तू घोरत होतास. मी बोट घालून पाहिलं.
लेव्हल.