निव्वळ वजन

मारेगावच्या अलीकडे, जिनिंगच्या फाटकाशी
माझी काट्याची खोली. रात्रपाळी.
गाडी चढते, आकडे थरथरतात, ठरतात.
भरलेली.
मग कापूस टाकून येते, पुन्हा चढते.
रिकामी.
वजा करायचं, पावती फाडायची.

साडेबाराला तिकडे युरोपात संध्याकाळ झालेली असते.
मोबाइल मी स्टेपलरला टेकवून उभा करतो.

ऑक्टोबर.
सीतादही होऊन आठ दिवस झालेले,
पहिल्या वेच्याचा कापूस अजून ओलसर,
आणि तिकडे चषकाचे गट सुरू.
मी हिरव्यांचा.
त्यांच्या गावाचं नाव मला धड घेता येत नाही.
समुद्राकाठी आहे, मासळीचा कारखाना आहे,
वस्ती आपल्या वणीपेक्षा कमीच असावी.
अकरा नंबर, छत्तीस वर्षांचा, डावखुरा,
दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या.
फ्री थ्रोच्या आधी तो चेंडू तीनदा आपटतो,
चौथ्यांदा आपटायचा विचार करतो,
आणि टाकतो.
त्या विचारासाठी मी जागा राहतो.

कवडू आत्राम, हमाल, गाठीवर पाय सोडून बसतो.
"भाऊ, हे पोट्टे एवढे उंच,
यायले चपला कोठं भेटत असतीन?"

गटात तीन हरले, तीन जिंकले, कसेबसे निघाले.
डिसेंबरात थंडी हाडात गेली.
जिनिंगमध्ये शेकोटीला बंदी,
म्हणून आम्ही त्या चार इंची उजेडावर हात शेकले.

फेब्रुवारी. बाद फेरी.
एक सामना घरी, एक परक्या गावी, गुणांची बेरीज.
घरी हिरवे नऊनं जिंकले.
आठवड्यानं तिकडे जाऊन सातनं हरले,
आणि शिट्टी वाजताच
हरलेलेच एकमेकांच्या अंगावर उड्या मारू लागले.
"हारले ना बे? मंग नाचून काहून राह्यले?"
मी त्याच रात्रीची पावती त्याच्यापुढे धरली.
"नऊ भरले, सात उतरवले, गाडीत किती उरले?"
कवडूनं पावती उलटी करून मागूनही पाहिली.
"म्हंजे तिकडं एका रातीत कोनी हारतच नाही."

इकडे एका दुपारीत हरता येतं.
शाळेचं ग्राउंड, टिपाडाचा काठ वाकवून केलेली रिंग,
दातात शिट्टी धरून झाडे सर.
तालुक्याची अंतिम लढत, मार्डीच्या शाळेशी.
एका गुणानं मागे, शेवटचा फ्री थ्रो माझा.
मी लगेच टाकला.
आपटला नाही, विचार केला नाही.
परतीचा सामना कोणी ठेवला नव्हता.

मार्चअखेर त्यांची घड्याळं तासभर पुढे सरकतात,
सामने साडेअकराला येतात.
काट्यावर फरदडीचा कापूस, पिवळट, हलका.
उपांत्य फेरी.
घरी बारानं जिंकले.
परक्या गावी तेरानं मागे असताना
अकरा नंबर रेषेवर उभा राहिला.
तीनदा आपटला.
चौथ्याचा विचार केला.
टाकला.
चेंडू रिंगवर दोन फेऱ्या फिरला
आणि बाहेर.
कवडूनं काही विचारलं नाही.
त्याला आता वजाबाकी येत होती.

अंतिम सामना दुसऱ्याच दोघांचा. मी पाहिला नाही.
शेवटच्या गाठी गेल्या, आवार झाडून काढलं,
जिनिंग बंद व्हायच्या आदल्या रात्री
कवडू शाळेच्या खोलीतून चेंडू घेऊन आला.
हवा अर्धी, शिवणीत धूळ.
"मोज," म्हणाला.
ट्रक झेलणाऱ्या त्या लोखंडाच्या मधोमध
त्यानं तो हळूच ठेवला, मोठ्या माणसाला बसवावं तसा,
आणि खिडकीशी येऊन उभा राहिला.
आम्ही दोघं आकड्यांकडे पाहत होतो.
शून्य.
पाच किलोच्या खालचं या काट्याला कळत नाही.

तरी मी पावती काढली.
भरलेली: शून्य. रिकामी: शून्य.
निव्वळच्या रकान्यात पेन तीनदा टेकवलं,
चौथ्यांदा टेकवायचा विचार केला,
एक लिहिला.