यजमानाचा रकाना

वुंडान्यीच्या बाजारात विचारतात,
काय गं म्घोई, अजून माश्याच मारतेस?
मारते.
पण आधी चार दिवस साखरपाणी देते.
कोशातून नुकती निघालेली माशी कोरी असते,
पंखांवरचे पट्टे ओले,
पिवळा अजून पिवळा नाही.
रंग पक्का झाला की मग बाटलीतलं स्पिरिट.
पाहुणचार करून मारायचं,
आमच्या शास्त्राची हीच रीत.

खोलीत तीनशे डबे.
तळाला वाळू, वर जाळी, जाळीवर किडकी फळं.
किडकी फळं पाठीवर वाहून कोण आणतं?
म्हातारा म्वाचोफी आणायचा.
लोक झाडाखाली वाकून चांगलं ते उचलतात,
हा डाग शोधायचा,
सुईच्या टोकाएवढं भोक, भोवती मऊ पडलेली साल.
"इथं कुणीतरी राहतंय," म्हणायचा
आणि फळ पिशवीत टाकायचा.

गाव, उंची, तारीख, झाड.
बहुतेक डब्यांतून काही निघत नाही.
फळ बसतं, बुरशी चढते, वाळू चाळून फेकून द्यायची
आणि लिहायचं: शून्य.
नैरोबीच्या बाई बजावतात,
शून्यालाही अक्षांश-रेखांश असतात, विसरू नकोस.

नकाशावरचे ठिपके पाहिले
तर सगळे रस्त्याच्या कडेकडेने.
माश्यांना काय गाड्यांचं वेड आहे?
म्वाचोफीचे गुडघे जिथवर चढले
तिथवर माश्या आहेत.
त्यापुढे कागद पांढरा.

जूनच्या धुक्यात तो गेला.
त्याच्या शेवटच्या फेरीतला डबा, अकराशे सत्तेचाळीस:
सात फळं, जांभळट, सुपारीएवढी.
महिना उलटला. माशी शिंकली म्हणायची तर
त्यासाठी तरी माशी हवी ना.
डबा धुवायला काढला, तो एकेचाळिसावा दिवस,
आणि उजेडाकडच्या जाळीवर
एक मादी, पाय पुसत बसलेली.
पंखावर पट्टा, मधेच कमरेत मोडलेला.
असा मी पाहिला नव्हता.

वही उघडली. उंची लिहिली. तारीख लिहिली.
यजमान झाड:
चिठ्ठीवर म्वाचोफीच्या तिरक्या अक्षरात एकच शब्द,
आमच्याच किदाविदा भाषेतला,
तरी माझ्या कानावरून कधी न गेलेला.
मक्षिकास्थाने मक्षिका,
जसा होता तसा उतरवला, पाठवून दिला.
उत्तर आलं: या नावाचं झाड कुठल्याच यादीत नाही.

त्याची मुलगी वाक्यो मक्याचे दाणे सोडवत बसली होती.
चिठ्ठी वाचून हसली, मग हसायची थांबली.
"अगं, हे झाडाचं नाव नव्हे.
डोंगरात आम्ही काहीबाही तोंडात घातलं
की बाबा लांबूनच ओरडायचे हे.
म्हणजे, थुंक."

थुंक.
अठ्ठावीस वर्षं मी त्याच्या चिठ्ठ्या वाचल्या,
आणि हा एक शब्द
तो घरी ठेवून यायचा.

थुंकायची झाडं किती असतील गं तिकडे?
चाळीस तरी, वाक्यो म्हणाली,
आणि जिभेवर आठवत एकेक सांगू लागली:
कडू, फार कडू, जीभ जड करणारं,
दात आंबवणारं, एक गोड पण रात्री पोट धरायला लावणारं.
जांभळी आणि सुपारीएवढी दोनच.
त्यातलं ओढ्याकाठचं शाळेच्या छपरात गेलं.
दुसरं वर, धुक्याच्याही वर,
तिथं तिला बाबांनी एकदाच नेलं होतं, खांद्यावरून.
वाट? वाट तिला कशी दिसणार,
तिला त्यांचे केस दिसत होते.

शनिवारी जातोय आम्ही दोघी.
रकान्यात 'थुंक' आहे, पेन्सिलीने.

मादीचा आज तिसरा दिवस.
पिवळा चढतोय.
कापसाचा बोळा वाळला होता, पुन्हा भिजवून ठेवला,
साखर जरा जास्तच पडली.