अवघड शीर

छातीवरच्या पट्टीवर यशवंत गावित,
पण इथे मी ब्रदर.
तुर्भ्याचा एक जण, दारू उतरत असलेला,
रात्रभर "ओ सिस्टर" म्हणत होता,
त्यालाही ओ दिली.

गावाकडे विचारतात, डॉक्टर झालास का?
नाही. मग कंपाउंडर?
मधल्या कशाला त्यांच्याकडे नाव नाही.
दोन स्थळं चहा पिऊन उठली.
तिसरीचा बाप म्हणाला, पोरगा नर्स आहे म्हणे,
आणि बशीतला चिवडा तसाच.

शमीम ऐरोलीला गेली, कोडिंगला.
काचेची इमारत, न्यायला गाडी, नाइट नाही.
सांगते, तिकडे प्रत्येक दुखण्याला आकडा असतो.
शिडीवरून पडला तर एक, बोटीवरून पडला तर दुसरा,
पडलेला माणूस तेवढा समोर येत नाही.
"पाठ दुखायची थांबली रे. पगार तुझ्या दीडपट.
ये ना, कुणाला आणलं तर मलाही पाच हजार मिळतात."
तिचा हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू.
बिजू औषधांच्या ट्रॉलीवर वही ठेवून जर्मन शिकतोय,
देअर, डी, दास.
मला विचारतो, सलाईन पुल्लिंगी की नपुंसक?

माझ्याकडे एकच गोष्ट आहे.
मला शिरा सापडतात.

मार्केटातल्या माथाड्याच्या हातावर दोरखंडच असतात,
ते कुणीही लावेल.
पण घणसोलीच्या आजीची, बांगड्यांच्या मागे सरपटणारी
("हलू टोच रं, ती पन माजेसारकीच, पलते"),
दीड किलोच्या बाळाची, टाळूवरची,
या डोळ्यांना दिसत नाहीत.
बोटाच्या पेराला कळतात,
जसं आईला कळायचं, जव्हारच्या रानात,
कुठल्या मातीखाली कंद आहे.
याची पगाराच्या चिठ्ठीत ओळ नाही.

मेट्रनबाईंनी इनचार्जच्या जागेसाठी फॉर्म दिलाय.
पाच वर्षांनंतर आपण स्वतःला कुठे पाहता?
खाली चार रिकाम्या ओळी.
इनचार्ज म्हणजे रजिस्टर, चादरींची मोजणी,
कोणाची सुट्टी, कोणाचं रडणं.
सुई नाही.

पहाटे साडेतीनला चौथ्या मजल्यावरून फोन,
"ब्रदर, येता का? तिघांनी पाहिलं."
केमोच्या बाई, बेलापूरच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या,
दोन्ही हात पालथे ठेवून बसलेल्या,
गृहपाठ न केल्यासारख्या.
"सॉरी हं, माझ्या शिराच वाईट."
गरम पाण्याची पिशवी ठेवली
आणि दहा मिनिटं नुसता बसलो.
त्यांनी विचारलं, जव्हारला पाऊस किती पडतो?
मी सांगितलं, खूप, पण राहत नाही.
"उतार," त्या म्हणाल्या, आणि डोळे मिटले.

पहिली चुकली.
माझीही चुकते.
दुसरी, अंगठ्याच्या बुडाशी,
नळीत मागे एक लाल ठिपका आला.
आम्ही दोघांनीही तो पाहिला.
बोललं कुणी नाही.

सहा वाजता गेटबाहेर चहा.
ठाणे-बेलापूर रोडवर टँकरची रांग, पोटऱ्यांत गोळे.
शमीमचा मेसेज, रविवारी येतोस ना?
अजून उघडला नाही.
खिशातून फॉर्म काढला तर
त्या चार ओळींवर माझंच अक्षर,
घाईत, कागद नव्हता म्हणून:
बेड चौदा, डावा हात, अंगठ्याच्या बुडाशी,
चोवीस नंबर, तीन पन्नास.

नवा फॉर्म मागावा लागेल.