शेरा

झायेचारच्या कचेरीत नवी खातेवही आली आहे, कागद नसलेली.
एकच वही, पण एकशे चाळीस ठिकाणी एकाच वेळी उघडी:
बेलग्रेडमध्ये, निशमध्ये,
आणि माझ्या या खिडकीमागे,
जिथे हीटर फक्त डाव्या पायाला ऊब देतो.
प्रशिक्षणात सांगितलं, प्रत्येक नोंद मागच्या नोंदीला गाठ मारून बसते.
एक सोडवायला गेलात तर पुढच्या सगळ्या सुटतील
आणि सुटलेल्या सगळ्यांना दिसतील.
मी लिहून घेतलं. कागदावर.

राडिसाव मिलोयकोविच आला मंगळवारी, साडेअकराला.
बंदूक टेबलक्लॉथमध्ये गुंडाळलेली,
काठाला लाल कोंबड्यांचं भरतकाम.
बसताना त्यानं ती मांडीवर आडवी घेतली,
झोपलेलं मूल बसमधून नेतात तशी.

नळीवरचा क्रमांक ४४१७, पुढचे आकडे गंजानं खाल्लेले.
आधीचा मालक?
"बाप."
त्याच्या आधीचा?
"एक जर्मन शिपाई. नाव विचारायला वेळ नव्हता."
यादीत 'अज्ञात' होतं, मी ते निवडलं.
हस्तांतर कसं झालं: खरेदी, वारसा, भेट.
गोठलेल्या नदीवरून उचलली, याला रकाना नव्हता.

आजोबा, नीट पाहून घ्या, मी म्हणाले,
एकदा हे बटण दाबलं की खाडाखोड नाही.
मंत्री आला तरी नाही. मी मेले तरी नाही.
तो पडद्याकडे नाही, माझ्या बोटांकडे पाहत होता.
"कुणालाच पुसता येणार नाही?"
कुणालाच.
"मग यागोडा लिही."

बंदूक कधी त्यांच्या नावावर होती का?
"सात वर्षांची होती ती."

एकसष्टचा सप्टेंबर. थोरल्या भावाचं लग्न.
राकिया, पितळी बाजा, आणि एकोणीस वर्षांचा हा, अंगणात.
रिवाजाप्रमाणे आभाळात तीन बार.
वर गेलेलं वरच राहतं असं वाटायचं, म्हणाला.
दोन गोळ्या कुठे पडल्या, देव जाणे.
तिसरी, अलुबुखाराच्या झाडाखाली,
जिथे धाकटी बहीण खिशात फळं भरत होती.

पोलिसांनी तेव्हा लिहिलं: अपघात. हत्यार सापडलं नाही.
बापानं बंदूक त्याच रात्री त्याच झाडाखाली पुरली,
तेलकट कांबळ्यात,
आणि पुढे साठ वर्षं घरात कुणी तिचं नाव काढलं नाही.
बंदुकीचं की बहिणीचं, मी विचारलं नाही.
या वसंतात माफीची मुदत जाहीर झाली, तेव्हा यानं कुदळ घेतली.

मी रकाने तीनदा वरखाली केले.
मालकाला मालक जोडलेला आहे, कडीला कडी,
मधल्या काळात बंदुकीनं काय केलं हे कुणी विचारत नाही.
तळाशी उरतो शेरा. ऐच्छिक. साठ अक्षरं.
'दस्ता तडकलेला', 'पट्टा नाही' असलं काही लिहायला.
मी टाइप केलं: यागोडा, वय ७, सप्टेंबर १९६१.
अजून जागा आहे, म्हटलं.
त्यानं बराच वेळ घेतला.
"लाल मोजे."

बटण दाबलं.
सगळ्याचा मिळून यंत्रानं एक लांब सांकेतिक शब्द केला,
कुणालाच वाचता न येणारा,
आणि तो एकशे चाळीस ठिकाणी उमटला.
उद्या कुणी त्यातला एक मोजा जरी उचलला
तर साखळीभर बोंब होईल.

पावती नको म्हणाला.
रिकाम्या टेबलक्लॉथची घडी घातली, कोंबडे आतल्या बाजूला.
माझा उजवा पाय बधिर झाला होता.
मी पुढचा क्रमांक पुकारला.