खालून

मुलगी सापोरोहून आली होती. काखेत बुटांचा खोका,
खोक्यात अकरा कॅसेट.
म्हणाली, हिराओ-सानांच्या अगदी सुरुवातीच्या.
तुम्ही तेव्हा त्यांच्या खाली राहायचात ना?

अजूनही राहते.
वरची माणसं सहादा बदलली,
माझं छत तेच.

संत्र्याची सालं बाजूला सारून
तिने टेबलावर यंत्र ठेवलं, बटण दाबलं.

आधी नुसती खरखर.
मग पत्रा. पत्र्यावरून काहीतरी ओढत नेलेलं,
अडलेलं, पुन्हा ओढलेलं.
मग दोन स्टेशनांच्या मधल्या रेडिओची शीळ,
चढत चढत थेट दाढेत शिरणारी.
मुलगी डोळे मिटून ऐकत होती, देवळात बसल्यासारखी.
मला हसू आलं.
याच आवाजाने माझं डोकं उठायचं.
याच माणसाच्या नावाने मी बोटं मोडली होती
त्र्याऐंशीचा अख्खा हिवाळा.

कारण यासुओ रात्रपाळीला.
पोलादाच्या भट्टीवरून सकाळी सातला यायचा,
भुवयांत राख. न बोलता भात खायचा.
खिडकीला काळं कापड लावून
मी त्याच्यासाठी रात्र करायची
आणि बरोबर दहाला
वरचा तो पोरगेला माणूस
ती टराटरा फाडायला बसायचा.

मग मी झाडू उलटा धरायची.
ठक्. ठक्ठक्.
छताचा पोपडा माझ्याच डोळ्यात.

जिन्यात भेटला की कमरेत वाकून माफी मागायचा.
एकदा सुके मासे दिले, वर्तमानपत्रात बांधून.
दुसऱ्या दिवशी दहाला पुन्हा सुरू.

चौथी कॅसेट. पट्टीवर पेन्सिलीने एवढंच:
खालून. फेब्रुवारी.
पत्रा, शीळ, पत्रा, बंदरावरचा धुक्याचा भोंगा,
आणि मग
ठक्. ठक्ठक्.

मुलगी म्हणाली, हे काय आहे ते कुणालाच कळलेलं नाही.
काहींना रॉकेलचा डबा वाटतो.

पुन्हा लाव, म्हटलं.

या खेपेला ऐकलं : ठोक्याच्या आधी
तो थांबतो.
पत्रा हातात धरून. त्याचा श्वास ऐकू येतो.
माझ्यासाठी जागा ठेवतो,
उशिरा येणाऱ्या पाहुण्याचं ताट झाकून ठेवावं तशी.
आणि मी येते. चिडलेली, पण वेळेवर.

सगळा हिवाळा आम्ही दोघं मिळून वाजवत होतो
आणि मला कुणी सांगितलं नव्हतं.

बाजू संपत आली
तेव्हा त्या खरखरीच्याही खालून,
लाकडातून, गादीतून
एक खोकला आला.
दोनदा. मग घसा खाकरणं,
आणि शेवटी ते 'हं',
जणू कुणी काही विचारलंय आणि त्याला ते पटलंय.

यासुओचे फोटो आहेत माझ्याकडे. कारखान्याची टोपी आहे.
फुप्फुसांचा तो काळा फोटोसुद्धा जपलाय.
आवाज कुठेच नव्हता.

म्हणजे तो जागाच होता.
ज्याच्या झोपेसाठी मी छताशी भांडले
तो अंधारात डोळे उघडे ठेवून पडला होता,
वरचं ऐकत, माझंही ऐकत,
आणि एकदाही म्हणाला नाही की
राहू दे गं, वाजवू दे त्याला.
किंवा : बंद कर म्हणावं.
काहीच नाही. हं.

मुलीने वही उघडली. काय लिहू, विचारलं.

झाडू लिही, म्हटलं. बांबूच्या दांड्याचा.

खोकल्याचं सांगितलं नाही.
तिला तो ऐकूच आला नव्हता.