आणि, अक्षरात

दोन अँपरसँड टाकले अन् पान कोसळलं.
परसोडीचं आयटी पार्क, रात्रीचे पावणेअकरा,
कूलरची टाकी कोरडी, पंखा नुसती गरम हवा फेकतोय.
लाल अक्षरात तक्रार : ओळ एकेचाळीस,
इथं काहीतरी सुरू झालं, संपलंच नाही.

उके मॅडमनी खुर्ची सरकवली.
"चिन्ह कायले टाकून राहिला बे?
या टॅगांच्या गावात त्याले आधीच दुसरं काम आहे.
ते दिसलं का पानाले वाटते, आता काही खास अक्षर येते,
अन् वाट पाहत बसते बिचारं."
आणि 'पेक्षा कमी'ची ती चोच?
"तिले तर ते दारच समजते.
शब्द लिही. अँड लिही, एलटी लिही.
सरळ बोललेलं कळते त्याले."

लिहिलं.
पान उठून बसलं.

सवलतीच्या नळजोडणीचा अर्ज होता.
बटण केव्हा दिसावं, त्याची अट एका ओळीची :
पतीचं नाव रिकामं नाही
आणि उत्पन्न इतक्यापेक्षा कमी.
मॅडमनी चाचणीसाठी एक नोंद भरली.
शेवंता नेवारे, गड्डीगोदाम, दोन घरची धुणीभांडी.
पतीच्या रकान्यात काही नाही.
"नाव खोटं आहे," म्हणाल्या.
मग जरा वेळानं,
"नावच तेवढं."

बटण आलं नाही.
करडं नाही झालं, कुलूप नाही लागलं,
पानाच्या पोटात शिरून पाहिलं, तिथंही नाही.
म्हणजे बाईला कळणारही नाही
की इथं दाबायला काही होतं.

मी म्हटलं, उत्पन्न तर बसतंय.
"उत्पन्न वाचलं कुठं त्यानं?
आणिच्या अलीकडचं खोटं निघालं
का पलीकडं पाहतच नाही ते.
खिडकीवरच्या बाबूसारखं,
पहिला कागद नाही? चला, पुढचा नंबर."

मग त्यांनी नियमाचा कागद काढला, बोट फिरवत वाचला.
त्यात कुटुंबप्रमुख होता.
पती कुठंच नव्हता.
"हे कोणं टाकलं?"
ओळीचा इतिहास उघडला.
तीन महिन्यांआधी, मंगळवारी, दुपारी साडेतीनला,
मी.
काय विचार करत होतो आठवत नाही.
बहुतेक काहीच नाही. जेवण झालं असेल.

कंस टाकू का, ऑर लावू का, विचारत होतो
तर त्यांनी माझ्याच कीबोर्डवर
आणिच्या अलीकडचं सगळं खोडलं
आणि मग आणिही.

संध्याकाळपासून ज्याच्याशी झटत होतो,
चिन्हात लिहू की अक्षरात,
तो तिथं लागतच नव्हता.

बटण आलं. निळं, साधं, थोडं डावीकडे सरकलेलं.
मॅडमनी त्यावर बाण नेला, दाबलं नाही.
मी बादली घेऊन खाली गेलो,
कूलरसाठी पाणी आणायला.
खालचा नळ उघडला.
आलं.