तिसऱ्या रांगेतला खोकला

माझ्या डोक्यावर ओताकार राहतो.
ब्रनो शहराच्या टोकाला, ट्रामच्या शेवटच्या थांब्यापाशी,
इमारती सगळ्या एकाच साच्यातून काढलेल्या,
म्हणून त्याच्या ऐकायच्या खोलीखाली
नेमकं माझं अंथरूण.

मी बेकरीत रात्रपाळी करते, सकाळी झोपते.
तो सकाळीच ऐकतो.
म्हणतो, नऊनंतर वीज स्वच्छ असते,
लोक कामावर गेलेले, लिफ्ट निजलेली.
वीज मळते हे मला
बावन्नाव्या वर्षी कळलं.

भांडायलाच गेले होते, कोपरापर्यंत पीठ तसंच.
त्यानं मला त्या एका खुर्चीत बसवलं,
जिच्या पायांभोवती जमिनीवर खडूच्या खुणा,
आणि आधी काहीच न लावता सांगत बसला.

सदुसष्टचा फेब्रुवारी.
रेडिओवाल्यांनी छताला मायक्रोफोन टांगलेले.
हा नऊ वर्षांचा, तिसऱ्या रांगेत, बापाशेजारी,
अंगात कणकण.
संथ भागात, जिथे एकटं चेलो
पायरी चाचपत खाली उतरतं,
तिथे उबळ आली
आणि तोंडावर बापाचा तळहात.
खोकला अर्धाच रेकॉर्ड झाला.

आणि उरलेला अर्धा तुम्ही शोधताय, मी म्हटलं.
नाही, तो म्हणाला. हात.
ट्रॅक्टरच्या कारखान्यात लेथ चालवणारा हात,
कानशीसारखा.
मुलाच्या ओठांवर आपटताना
त्याचा काही आवाज झालाच असेल ना?
बाहीचं बटण तरी?

तबकडीवर खोकला आहे,
पण सुईची खरखर मध्ये मध्ये बोलते.
कॅसेटवर तो ओल्या भिंतीपलीकडून येतो.
सीडी निघाली तेव्हा यानं मोटारसायकल विकली;
खोकला ठणठणीत, इस्त्री केलेला.
हात नाही.
मग लिंझच्या एका विधवेकडून स्पूलची टेप,
प्रतीच्या प्रतीची प्रत,
तिच्यावर एकदा, डिसेंबरात, शपथेवर सांगतो,
काहीतरी सरकलं.
पुन्हा सरकलं नाही.
त्यानं वायरी बदलल्या, अ‍ॅम्प्लिफायर बदलला,
बायको बदलली नाही, ती आपणहून गेली,
जाताना म्हणाली, खोकला तर मलाही येतो, ओताकार.

गेल्या वर्षी नवी आवृत्ती आली, चोवीस बिटांची, काचेसारखी.
कंपनीनं अभिमानानं छापलेलं:
प्रेक्षागृहातले सारे व्यत्यय काढून टाकले आहेत.
तिसरी रांगच पुसलेली.
चेलो उतरतं, उतरत राहतं,
कुणाच्याही घशात काही अडकत नाही.

वहीत प्रत्येकाला शंभरापैकी गुण.
टेपला एकाहत्तर.
काचेला शून्यही नाही, नुसती आडवी रेघ.

मग त्यानं मला विचारलं, खाली काय ऐकू येतं?
खरं तेच सांगितलं:
व्हायोलिनं येत नाहीत. चेलोची फक्त हाडं येतात.
आणि दर वेळी, साधारण अकराव्या मिनिटाला,
तुमची खुर्ची सरकते.

तो गप्प झाला.
आपण सरकतो हे त्याला माहीतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वर टेप सुरू करून
जिन्यावरून धापा टाकत तो खाली आला,
सपाता, हातात वही.
माझ्या पलंगाच्या कडेवर बसला,
मान वर, तोंड किंचित उघडं,
जिवाचा कान करून.
मी ब्रेड कापायची थांबले.
वर हाडं चालत होती.
दहावं मिनिट. अकरावं.
खुर्ची सरकली नाही,
अर्थात नाही, ती रिकामी होती,
आणि तिथे एवढं मोठं भोक पडलं
की मीच नकळत
तोंडावर हात नेला.

पीठ लागलं ओठांना.
आवाज झाला की नाही, मला विचारू नका.
तो वळून बघत होता.

वहीत मी नंतर चोरून पाहिलं:
छत. काँक्रीट, सोळा सेंटिमीटर.
गुणांच्या जागी
अजून काही लिहिलेलं नाही.